समासातल्या खुणा

९ जानेवारी

आज पुन्हा तो दाढवाला आला. रूट कॅनॉलसाठी येतोय, आणि दर खेपेला काखेत जाडजूड पुस्तक. आज सहावा भाग!

मी काउंटरवर पावती फाडत होते. दवाखान्यात कुणालाच ठाऊक नाही की ‘गारगडाची गादी’ लिहिणारा माणूस माझा नवरा आहे. आधी संकोचानं सांगायचे नाही, आता भीतीनं सांगत नाही.

“तुम्ही वाचता का हो असलं काही?” त्यानं विचारलं.

“वेळच मिळत नाही.” अगदी खोटंही नाही म्हणा हे!

“वाचूही नका. पाचव्या भागात फौज नदीकाठी येऊन बसली. सहावा संपत आला तरी अलीकडेच! आणि घोड्यांना चारा कुठला द्यायचा यावर सत्तर पानांची सभा. सत्तर! लेखक नुसतं पाणी घालतोय. मी बायकोला सांगून ठेवलंय, मी आधी गेलो तर शेवट वाच आणि माझ्या फोटोला सांग.”

इंजेक्शननं अर्धं तोंड बधिर, तरी गडी बोलायचा थांबेना. डॉक्टरीणबाई हसल्या. मीही हसले.

घरी आल्यावर ह्याला काही सांगितलं नाही. ती सत्तर पानं मुळात चार होती. चाराची सत्तर कुणी केली ते मला पक्कं माहीत आहे.

१० जानेवारी

लिहूनच टाकते. इथं तरी.

आमची पद्धत पहिल्या भागापासूनची. ह्यानं कच्ची प्रत छापून आणायची, मी पेन्सिल घेऊन बसायचं. आवडलं तिथं समासात एक खूण. जेवायचं विसरले तर दोन. बाकी कोरं. एक शब्द लिहायचा नाही, तोंडानं काही बोलायचं नाही. मग हा कोरी पानं मुकाट्यानं कापायचा आणि खुणेची फुलवायचा. म्हणायचा, “तू जागी राहिलीस तिथं वाचक जागा राहतो.” आणि खरंच तसं व्हायचं! पहिल्या भागातला तो आंधळा सेनापती मुळात दीड पानाचा होता. माझ्या दोन खुणांनी तो एवढा मोठा झाला की लोक त्याच्यासाठी रडले.

चार भाग मी प्रामाणिकपणे वाचले. पाचव्याला कंटाळा आला.

कारणं शोधायला गेले तर ढीगभर सापडतील. सासूबाईंचं आजारपण, लेकीची परीक्षा, दवाखान्यातल्या दोन पाळ्या. पण खरं तेवढंच — कंटाळा आला. आणि ते तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही. मग मी टीव्हीसमोर बसून खुणा करू लागले. चार पानं उलटायची, एक खूण. संवाद दिसले की दोन. चाऱ्याच्या सभेवर दोन खुणा पडल्या तेव्हा लेकीचा फोन चालू होता, पेन्सिल हातात होती, एवढंच. ह्याला वाटलं, बायको चाऱ्यात रमली. त्यानं महिनाभर चाऱ्याचा अभ्यास केला! लायब्ररीतून पुस्तकं आणली!

आणि मी त्याला चहा नेऊन देत होते.

१७ जानेवारी

प्रकाशकबाईंचा फोन. हा फोन टेबलावर ठेवूनच बोलतो, त्यामुळे सगळं ऐकू आलं. सहाव्या भागाचे गठ्ठे दुकानांतून परत येतायत. “सातव्यात संपवा. आणि सातवा बरा नसेल तर राहू द्या, मी छापणार नाही. राग मानू नका, पण लोकांचा धीर सुटलाय.”

“बघू,” एवढंच म्हणाला. मग माझ्याकडे वळून — “तुला तर आवडतंय ना? मग झालं. बाकीच्यांचं मी बघून घेईन.”

मी मान डोलावली. ही मान एकदा कुणीतरी धरून ठेवायला हवी.

२४ जानेवारी

आज सांगायचंच असं ठरवून दवाखान्यातून लवकर निघाले. हा गुडघा शेकत बसला होता. नाही सांगितलं.

२ फेब्रुवारी

कुणीतरी इंटरनेटवर चित्र काढून टाकलंय — नदीकाठी बसलेली फौज, सगळ्यांच्या दाढ्या पांढऱ्या, घोडेसुद्धा काठी टेकत चाललेत. खाली लिहिलंय, ‘आठव्या भागात नक्की.’ ह्यानं मला मुद्दाम बोलावून दाखवलं. स्वतःच मोठ्यानं हसला. गरजेपेक्षा जरा जास्तच मोठ्यानं. नंतर बराच वेळ तेच चित्र उघडं ठेवून बसला होता.

संध्याकाळी लेकीचा फोन. “बाबा, मी तिसऱ्यालाच सांगितलं होतं, मला नाही झेपत तुमची ती राणी!” खरंच सांगितलं होतं. तेव्हा ती शाळेत होती. जेवता जेवता सरळ तोंडावर म्हणाली होती. हा हसला होता, म्हणाला, “बरं झालं, एक प्रत वाचली.” ना रुसला, ना फुगला.

म्हणजे सांगता येत होतं. पोरीला जमलं ते मला जमलं नाही.

१५ फेब्रुवारी

पाचवा भाग वाचतेय. चोरून! वर्तमानपत्राचं कव्हर घालून, दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत. स्वतःच्या नवऱ्याचं पुस्तक शाळकरी पोरीसारखं लपवून वाचायची वेळ माझ्यावर यावी!

कंटाळवाणं आहे. पण सगळंच नाही. मधेच एका ठिकाणी राणी एकटीच तंबूत येते, बूट काढते, आणि सुजलेल्या पायांकडे बघत बसते. चार ओळी. संपलं. मला ठाऊक आहे हा कसा लिहितो ते. ते चार ओळींचं नसणार. तिथं दोन-चार पानं तरी असणार, आणि समासात काही नाही म्हणून त्यानं ती काढून टाकली असणार. त्याच्या पुढच्या पानावर खोगिरांची मोजदाद आहे. ती मात्र भरपूर आहे.

राणीचे पाय मी वाचले असते तर जेवण विसरले असते.

१६ फेब्रुवारी

दाढवाला आज विचारत होता, “काय हो, वर्तमानपत्र आज फारच जाड आहे?” मी ते पावतीपुस्तकाखाली सरकवलं.

८ मार्च

सातव्याची कच्ची प्रत माझ्या हातात. सुतळीनं बांधलेली, नेहमीसारखी. “शेवटचा,” म्हणाला. “सावकाश वाच. तुझ्या खुणा बघूनच बाईंकडे द्यायचा की नाही ते ठरवणार.”

ह्या वेळी एकही खोटी खूण करायची नाही. लेकीची शपथ घेणार होते, पण ती म्हणेल, माझी कशाला, स्वतःची घे. स्वतःची घेतली.

२० मार्च

वाचून झाला. टीव्ही बंद, फोन आतल्या खोलीत.

फौज पहिल्याच पानावर नदी ओलांडते! मी मोठ्यानं “अगं बाई!” म्हणाले. आणि पुढे नुसती पळत सुटते गोष्ट. सेनापती मरतो ते पान तर मी डोळे पुसत वाचलं, खूण करायचंही सुचलं नाही, नंतर मागे येऊन केली. इतकं चांगलं ह्यानं चौथ्यानंतर लिहिलेलं नाही. म्हणजे लिहिलंही असेल. मला काय माहीत.

सगळ्या मिळून खुणा थोड्याच झाल्या. पण एकेक खरी. फार दिवसांनी त्याच्या हातात काही देताना हात हलका वाटला.

२२ मार्च

चूक झाली. भलतीच चूक झाली.

त्यानं प्रत उघडली. पानं उलटू लागला. उलटतच राहिला. मी समोर बसून वाट बघत होते, आता खूश होईल, मग होईल.

“एवढ्याच?” म्हणाला.

मला आधी कळेचना. मग तो उठला, कपाटातून सहाव्याची कच्ची प्रत काढली, दोन्ही शेजारी ठेवल्या. सहाव्यात पानोपानी खुणा — टीव्हीसमोर केलेल्या. सातव्यात कोऱ्या समासांची रांग.

“सहावा लोकांनी फेकून दिला,” तो म्हणाला. “आणि हा तर तुलासुद्धा त्याच्या पाव हिश्शानं आवडला नाही.”

“अरे, हा चांगला आहे! खूप चांगला आहे!”

“बोलायचं नाही असं ठरलंय ना आपलं? तोंडाचं काय, तोंड माया करतं. खुणा खऱ्या.”

सुतळी पुन्हा बांधली आणि गठ्ठा बाहेर रद्दीत नेऊन ठेवला. परत येऊन विचारलं, भाजी चिरायची आहे का. मी सुरी दिली. तो खाली मान घालून चिरत बसला.

गठ्ठा मी आत आणलाय. पलंगाखाली आहे.

२३ मार्च

सांगितलं.

म्हणजे, अर्धं सांगितलं.

सकाळी तो दाढी करत होता. आरशात माझ्याकडे बघत नव्हता, म्हणून जमलं. “सहाव्यातल्या खुणा खोट्या आहेत. न वाचता केल्यात. सातव्यातल्या खऱ्या.”

हात थांबला. गालावर अर्धा फेस. “न वाचता म्हणजे?”

“न वाचता म्हणजे न वाचता.”

“चाऱ्याची सभा?”

“लेकीचा फोन चालू होता.”

तो हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला. मग हसणं थांबलं, नळ मात्र तसाच वाहत राहिला. “मी महिनाभर चारा वाचत होतो गं,” म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते.

मग टॉवेलनं तोंड पुसून माझ्याकडे वळला. “आणि पाचवा?”

“काय पाचवा?”

“पाचवा वाचला होतास ना?”

इतक्या घाईनं विचारलं त्यानं. चेहरा असा झाला होता की जणू डॉक्टरांकडून रिपोर्ट ऐकतोय. आणि मी — “हो, पाचवा वाचला होता की,” म्हणाले. अगदी सहज! मागच्याच महिन्यात वाचला होता ना, म्हणून राणीचे पाय वगैरे सांगितलंही. चार ओळींतलं सगळं सांगितलं.

त्यानं मोठा श्वास सोडला. “मग राहू दे. पाचवा वाचलास ना, मग सहावा तुला माफ.”

पाचव्याचं एवढं काय, ते विचारायचं सुचलं नाही. सुटले, एवढंच वाटत होतं.

२५ मार्च

आज स्वतःच पलंगाखाली वाकून गठ्ठा काढला. “दाढी करताना आरशात दिसत होता,” म्हणाला.

प्रकाशकबाईंकडे गेला सातवा.

११ सप्टेंबर

सातवा दुकानात आला! दाढवाला दात साफ करायच्या निमित्तानं आला आणि काउंटरवर पुस्तक आपटून म्हणाला, “ओलांडली हो नदी! सेनापती गेला तेव्हा मी बसमध्ये रडलो. शेजारच्या बाईंनी पाणी दिलं.” बायकोची फोटोची ड्यूटी रद्द झाली म्हणे.

मी आत जाऊन थोडं रडून घेतलं. आनंदानं, असं डॉक्टरीणबाईंना सांगितलं.

४ ऑक्टोबर

लायब्ररीत वाचकांशी गप्पांचा कार्यक्रम. खुर्च्या कमी पडल्या. ह्यानं नवा शर्ट घातला होता, कॉलरचं लेबल काढायचं राहिलं होतं, ते मी जिन्यात काढलं.

प्रश्नांच्या वेळी मागून दाढवाला उठला! “सातवा झकास आहे, हात जोडतो. पण खरं सांगा, पाचवा-सहावा कशाला? चौथ्यातच संपवायचं होतं. आमच्या आयुष्यातली वर्षं गेली हो त्या नदीकाठी!” सगळे हसले. मग त्याला पहिल्या रांगेत मी दिसले आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. बधिर न करता.

हा हसत म्हणाला, “माझीही गेली. चौथ्यातच संपवणार होतो मी. त्याचं उत्तर पहिल्या रांगेत बसलंय.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. कसलं उत्तर, ते मला कळलं नाही.

उद्या विचारते.

५ ऑक्टोबर

विचारलं. म्हणाला, “विसरलीस? पाचव्याच्या कच्च्या प्रतीत मधेच मी एक पान घातलं होतं, फक्त तुझ्यासाठी. लिहिलं होतं — मी दमलोय, आता लिहिणं नको वाटतं, हा छापत नाही, चौथ्यावरच थांबतो. हे पान कोरं सोडलंस तर मी समजेन. तू दोन खुणा केल्या होत्यास.” मग माझा हात हातात घेऊन म्हणाला, “तुझ्या त्या दोन खुणांवर एवढी वर्षं काढली गं मी. आठवतं ना?”

मी हो म्हणाले.