तेराव्या बाई

१६ मे, शनिवार, सकाळ

पोहोचलो बाई एकदाचे कुरोसे बेटावर! रात्रभर बोटीने घुसळून काढलं, तरी बारा पाहुण्यांपैकी एकही हरवला नाही, की एकानेही कुरकुर केली नाही. समोर काळी वाळू, निळंशार पाणी आणि वर डोंगराच्या तोंडातून निघणारा पांढरा धूर. मला तर नाचावंसं वाटत होतं. पण हातात कंपनीचा पिवळा झेंडा असताना नाचता येत नाही.

गट घेऊन निघायची ही माझी पहिलीच खेप. तीन वर्षं कचेरीत पाकिटं चिकटवली. हिरासे साहेबांनी बजावलंय, की बारा जण नेशील तसे बारा परत आण, एकाचीही तक्रार नको, मग जूनपासून तू कायम. पाहुणे म्हणजे कावागोए शहरातली निवृत्तांची गायनमंडळी. त्यांचे म्होरके कुमागाईसान, आवाज भरदार आणि नाकावर राग.

डोंगरातून अधूनमधून विषारी वायू सुटतो, म्हणून इथे प्रत्येकाच्या गळ्यात मास्क. भोंगा वाजला की तोंडाला लावायचा. बारा पाहुण्यांचे आणि एक माझा, असे तेरा वाटले.

धक्क्यावर आसानुमा आजोबा आले होते. वाटाडेही तेच आणि मिनीबस चालवणारेही तेच. मी 'एक, दोन' करत माणसं मोजायला लागले, तर म्हणाले, की पोरी, इथे आकड्यांनी मोजू नये, नावं घ्यावीत. आणि हे बघ, काही कमी पडलं तर आपलं काढून देऊ नकोस, सरळ नाही म्हण. मी मान डोलावली. पाहुण्याला नाही म्हणायचं म्हणे! आजोबांनी कधी नोकरी केलेली दिसत नाही.

१६ मे, दुपार

डोकं फिरायची वेळ आलीय. डोंगराच्या तोंडापाशी फोटो काढत होतो आणि भोंगा वाजला. सगळ्यांनी पटापट मास्क चढवले. रांगेच्या टोकाला एक बाई मास्कशिवाय उभ्या, हात पुढे केलेला. शिकवलंय तसं मी माझा काढून दिला आणि ओला टॉवेल नाकाशी धरला. मग मोजले. तेरा. पुन्हा मोजले. तेरा! कुमागाईसान मास्कमधूनच ओरडले, की अहो निनोमियाबाई, आमचे घसे गेल्यावर गाणार काय आम्ही, मोजा की खाली उतरल्यावर!

खाली नावं घेतली. बारा नावं, बारा 'हो'. डोकी मोजली तर तेरा. आता 'तुमच्यातलं जास्तीचं कोण?' असं पाहुण्यांना कोणत्या तोंडाने विचारू? सगळ्यांच्या टोप्या सारख्याच, आणि प्रत्येक चेहरा काल बोटीत पाहिल्यासारखा. बसमध्ये तेरा जागा, तेराही भरलेल्या. मी मान वाकडी करून उभ्याने आले. आजोबांनी आरशातून एकदा पाहिलं आणि दात-ओठ खाऊन गिअर टाकला.

मास्क गोळा केले तर बाराच. माझाच परत आला नाही.

१६ मे, संध्याकाळ

खाणावळवजा लॉजच्या मालकीणबाईंनी हिशोबाने तेरा ताटं मांडली होती. मी झेंडा ठेवून येईपर्यंत तेराही ताटांवर माणसं! मालकीणबाई हळहळल्या, की अगंबाई, तुझं ताट कुणी घेतलं? मी म्हटलं, मला भूकच नाही. स्वयंपाकघरात उभ्याने भात आणि मुळ्याचं लोणचं खाल्लं. गादीचंही तेच झालं. आता पलंगपोसांच्या कपाटाशेजारी पथारी पसरलीय.

आणखी एक. दाराशी सगळ्यांचे बूट कुणीतरी ओळीने, टोकं बाहेर करून लावून ठेवलेत. ते माझं काम. पाहुणे माझं कौतुक करत होते. मी काहीच केलेलं नाही, पण तसं सांगायचं तरी कसं?

हिरासे साहेबांना फोन केला. म्हणाले, जास्तच आहेत ना, कमी नाहीत ना? मग कशाला जीव खातेस! कमी झाले तर कळव.

फोन आपटावासा वाटला.

१७ मे, रविवार, सकाळ

न्याहारीला कुमागाईसाननी मला नमस्कार केला आणि अगदी आदराने विचारलं, की आपण कोणत्या गटाबरोबर आलात? मी हसले. ते हसले नाहीत.

आज त्या बाई पाठमोऱ्या दिसल्या. वाकून बूट लावत होत्या. कमरेला एक झेंडा खोचलेला. कंपनीचाच. पिवळ्याचा पार पांढरा झालेला.

आमच्यासारखाच गट घेऊन कधीतरी आल्या असतील. मग परत का नाही—

आजोबांना गाठलं. ते म्हणाले, अजून परतीचं तिकीट तुझ्याकडे आहे ना? ते सोडू नकोस. बस्स, एवढंच कर. माझ्या अंगावर सरसरून काटा आला आणि त्याहून जास्त राग आला. कालच हे नीट समजावून सांगायला काय झालं होतं यांना!

१७ मे, दुपार

धक्क्यावर बारा नावं घेतली, बारा तिकिटं दिली. तेरावं माझ्या मुठीत. त्या बाई समोर आल्या. मास्क तोंडावर, माझाच. पट्टीवर माझ्या हातचं माझं नाव. त्यांनी हात पुढे केला.

नाही म्हणायचं होतं. खरंच म्हणायचं होतं. पण मागे सगळी मंडळी खोळंबलेली, बोटीचा भोंगा सुरू, आणि कुमागाईसान माझ्यावरच डाफरले, की अहो, त्या बाईंना का अडवताय, चारचौघांत शोभतं का हे! माझे कान तापले. म्हटलं, खिडकीवर दुसरं काढता येईल.

मूठ उघडली मी.

खिडकीवरच्या माणसाने माझ्या मागच्याला विचारलं, बोला, किती?

बोट सुटली. वरच्या कठड्याशी ती माझा नवाकोरा झेंडा हलवत उभी. माझ्या हातातून कधी गेला, कोण जाणे. कुमागाईसान तिला हाक मारत होते. निनोमियाबाई! ती 'हो' म्हणाली. माझ्या आवाजात. आणि मी इथे घसा फाडून—

बारा नेले, बारा परत गेले. तक्रार एकही नाही. जूनपासून ती कायम.

आजोबा माझ्या शेजारून गेले. माझ्याकडे नाही, जरा बाजूला बघत म्हणाले, सांगितलं होतं ना, पोरी.

१८ मे

भोंगा वाजला. मास्क नाही. टॉवेल नाही.

साधा खोकलासुद्धा आला नाही.

२०

लॉजच्या दाराशी बूट वेडेवाकडे पडले होते. बघवेना. लावले. मालकीणबाई 'थँक्यू' म्हणाल्या — रिकाम्या दाराकडे बघून.

आईचा चेहरा आठवतो. माझा आठवत नाही.

२३, शनिवार

नवा गट. पंधरा जण. झेंडेवाली पोरगी कोवळी, हसरी. खिशात वही. आजोबा तिला सांगताहेत, आणि ती नुसती मान डोलावतेय. अगं ऐक ना त्यांचं, मूर्ख मुली!

वर आलोय. भोंगा—

मी टोकाला उभी आहे. मला काही नकोय. तिचं काही नकोय मला. पण हात — माझा हात आपोआप पुढे—

ती माझ्याकडे बघतेय. मास्कचा पट्टा सोडतेय.

नाही म्हण. बाई, एकदाच, नाही म्ह