जांभळा बाण

३ जून, जळगाव
पिंप्राळ्यातल्या हाडांच्या दवाखान्यात आज रुजू झालो. स्वागताला शेवभाजी होती, तीही अशी की कानातून धूर निघाला. इथे वाकडे पाय सरळ करायचं काम माझ्याकडे. हाड कापायचं, सरळ बसवायचं, पट्टी-स्क्रू मारायचे. सुतारकीच म्हणा ना! वॉर्डातल्या उषा सिस्टर भारी कडक. कापायच्या पायावर जांभळ्या पेनने बाण काढला की तो वाळेपर्यंत पेशंटला मांडी घालू देत नाहीत. ओला बाण दुसऱ्या पायावर उमटतो म्हणे. मी हसलो. जरा जास्तच हसलो.

५ जून
लिहूनच टाकतो. धुळ्याला असताना शिरपूरकडची ममता नावाची पोर आली होती. उजवा पाय अठरा अंश वाकडा. मी बाण काढला, ती मांडी घालून बसली. ओला बाण उजव्यावरून पुसून डाव्या पायावर उमटला, टेबलावर मला तोच दिसला. एक्स-रे पुन्हा बघायचा कंटाळा केला आणि चांगला पाय कापला.
करमसिंगभाऊ, तिचे वडील, म्हणाले, "मनी पोरना चांगला पाय काबर कापा?" तोही वाकडाच होता, असं मी ठोकून दिलं. केसपेपरवर 'उजवा' खोडून 'डावा' लिहिलं. जखम चिघळून पोर गेली. शेवटपर्यंत नुसती माझ्या पायांकडे बघत होती. मी सुटलो, याचा मला आनंदच झाला होता.

९ जून
अंघोळ करताना माझ्या उजव्या नडगीवर जांभळा बाण. साबणाने जात नाही.

१४ जून
उजवा पाय गुडघ्याखाली वळतोय. पँटची शिवण पोटरीवर येते. एक्स-रे काढला.
अठरा अंश.

१९ जून
उभं राहवत नाही. आमचे मोठे डॉक्टर, ललित सर, म्हणाले, उद्या कापून सरळ करू. फार भीती वाटतेय.

२० जून, सकाळ
सिस्टरनी उजव्या पायावर नवा बाण काढला. ओला आहे. माझे पाय बांधा म्हणालो, त्या पट्टे आणायला गेल्या. इंजेक्शनने जीभ जड —
पलंगाच्या पायथ्याशी ममता. मांडी घालून. म्हणते, "डॉक्टर, तू बी बठ ना."
गुडघे वळतायत. मी नाही वळवत —
मांडी बसली. बाण डाव्या पायावर उमटला. माझ्या केसपेपरवर 'उजवा' खोडून 'डावा' लिहिलेलं. अक्षर माझंच.
ललित सर, हे वाचा. डावा पाय चांगला आहे. कापायचा तो डावा — नाही, हात ऐकत नाही — सर, डावा कापा. डावा. डा —