चंद्री आता भाऊजींनाही दूध देते

अहो,

मालवणला तुम्हीही येताय. उसाला पाणी पाजून आलात की आंघोळ करून थेट कोल्हापूर स्टँडवर या. गाडी दहाला आहे. आदर्शला घेऊन मी पुढं जाते, जागा धरते.

"म्हशीला काय सांगू, सुट्टी हाय म्हणून?" हे तुमचं आता चालणार नाही. चंद्री आपल्या दोघांशिवाय कुणाला धार काढू देत नव्हती, म्हणून बारा वर्षं एकानं फिरायला जायचं आणि एकानं गोठ्यात थांबायचं. गेले अकरा दिवस तुम्ही संध्याकाळी रानात असताना राजूभाऊजी धार काढताहेत. आधी माझा जुना गाऊन अंगात घालून, मग नुसता खांद्यावर टाकून. काल गाऊनशिवाय बसले आणि चंद्रीनं नेहमीसारखं साडेचार लिटर दिलं. मी दोनदा मोजलं. भाऊजींना हसू नका.

सकाळची धार झाली आहे. खोली घरगुती आहे, स्वयंपाक आपणच करायचा. एसटीत माझं आणि आदर्शचं तिकीट अर्धं, पूर्ण फक्त तुमचं.

तुमचे कपडे बॅगेत भरलेत. आदर्शला घेऊन गेलेल्या सहलींच्या एकाही फोटोत आपण दोघं बरोबर नाही. या.

वर्षाराणी