शेजारची खुर्ची, तीनचा खेळ

३ नोव्हेंबर, सोमवार

ठरलं. थिएटरवाल्याने जुने गाजलेले प्रेमपट पुन्हा मोठ्या पडद्यावर लावलेत. उद्यापासून रविवारपर्यंत, रोज वेगळा पिक्चर, दुपारी तीनचा खेळ. सगळ्या दिवसांची दोन-दोन तिकिटं काढून आलो. मधली रांग, बरोब्बर मधल्या खुर्च्या.

बायको चार दिवस म्हणून धाकट्या बहिणीकडे गेली, त्याला आता महिना होत आला. भांडण वगैरे काही नाही. हवापालट. पण एवढाल्या पडद्यावर एवढालं प्रेम बघितलं की कुठल्याही बाईला घर आठवणारच. रविवारी बॅग घेऊनच येईल.

फोन केला. म्हणाली, मी बघते... मी लगेच म्हणालो, वेळ काढून येतेस ना, झालं तर मग, आणि ठेवला. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मला पुढचं कळतं. इतकं जुळलेलं जोडपं मी तरी दुसरं पाहिलं नाही.

संकल्प : पिक्चर चालू असताना बोलणार नाही. (अगदीच गरज पडली तर दोन वाक्यं.)

४ नोव्हेंबर, मंगळवार

अडीचलाच चष्म्याचं दुकान बंद केलं. इस्त्रीचा शर्ट, सेंट, सगळं साग्रसंगीत. ती आली नाही. ट्रॅफिक असणार. तिच्या खुर्चीवर कोट टाकून खुर्ची राखली.

पिक्चर दीपगृहाचा. रखवालदाराची मुलगी, समुद्रावर गेलेला तरुण. कॉलेजात असताना चारदा पाहिलाय, त्यामुळे तोंडपाठ. पलीकडच्या खुर्चीतल्या बाई रडकुंडीला आल्या, तेव्हा माणुसकी म्हणून सांगितलं की घाबरू नका, बोट परत येते. मध्यंतरानंतर त्या उठून पार मागे जाऊन बसल्या. मागून जास्त चांगलं दिसत असेल.

५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळीच कटकट. मागच्या आठवड्यात चष्मा नेलेले एक पेन्शनर आजोबा परत आले. म्हणे, सगळं धूसर दिसतं. पुन्हा तक्त्यासमोर बसवलं, तिसरी ओळ वाचा म्हटलं. जरा घुटमळले, म्हणून मीच वाचून दाखवली. तर आजोबा म्हणाले, मागच्या वेळीही तुम्हीच वाचली होती, मी आपलं हो हो म्हटलं.

आता यात माझा काय दोष? समोरच्याला ताटकळत ठेवणं माझ्या स्वभावात नाही. काचा बदलून देतो म्हणालो. चांगुलपणा नडतो तो असा.

तीनचा खेळ : कोट आणि मी. आजचा हीरो महालाजरा. लग्नाची मागणी घालायला दोन पायऱ्या चढतो, एक उतरतो. शेवटी त्याचं वाक्य मीच म्हणून टाकलं, मोकळं. डोअरकीपरने तोंडावर टॉर्च मारला आणि म्हणाला, साहेब, हीरोचे पैसे दिलेत, त्यालाही बोलू द्या. विनोदी माणूस आहे.

संकल्प : उद्यापासून फक्त पुटपुटणे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आजही कोटच. संध्याकाळी फोन लावला, मेव्हणीने उचलला. म्हणाली, ताई रोज दुपारी बाहेर जाते, ती... मी म्हटलं, डॉक्टरकडे ना? ती म्हणाली, बरं, तसं समजा.

म्हणजे प्रकृतीवर परिणाम झालाय. विरह. मला वाटलंच होतं. मानी बाई, जीव जाईल पण परत येते असं स्वतःहून बोलणार नाही.

(आजचा पिक्चर : अर्धा पाहिला. अर्ध्यात डोळा लागला. घोरत नव्हतो. लोक काहीही बोलतात.)

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचा पिक्चर तद्दन फालतू. हिरॉइन टेलिफोन ऑपरेटर, हीरो रोज रात्री फोन करतो आणि नुसता ऐकतो. दोन रिळं झाली तरी पठ्ठ्या हूं की चूं करत नाही. अभिनय येत नसावा. एवढ्या रिकाम्या जागा वाया जाताना बघवेना, म्हणून त्याच्या वतीने चार-दोन चांगली वाक्यं मी घातली.

बाल्कनीतून कुणीतरी शूऽऽ केलं. असं शूऽऽ आमच्याच घरी ऐकलंय कधीतरी. डोअरकीपरने मला उचलून बाहेरच्या दाराजवळच्या कडेच्या खुर्चीत नेऊन बसवलं. पाय पसरायला ऐसपैस आहे. तिकडे मधली खुर्ची कोटाशिवाय रिकामी दिसत होती, त्यामुळे पुढचं फारसं बघितलं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

आनंदीआनंद! डोअरकीपर म्हणाला की एक बाई रोज येतात, साहेब कुठे बसलेत ते आधी विचारतात, मग वर बाल्कनीत जाऊन बसतात. उंची, चष्मा, मोतिया रंगाची शाल. शंकाच नको. फ्रेम माझ्याच दुकानातली.

रोज! लपूनछपून! मला वरून डोळे भरून बघायला! पिक्चरवाल्यांनासुद्धा असा सीन सुचला नसता. आजचा पिक्चर अख्खा मान वर करून पाहिला. मान आखडली.

घर झाडून घेतलं. तिच्या बाजूची उशी उन्हात टाकली. उद्या मध्यंतरात कॉफीचे दोन कप घेऊन वर जायचं.

संकल्प : एकच वाक्य बोलायचं. घरी चल. बस्स.

९ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ

गेलो. कॉफी थोडी सांडली. ती हसली, सरकून जागा दिली. बरी दिसत होती. जरा जास्तच बरी दिसत होती.

म्हणालो, मला बघायला येतेस ना रोज? म्हणाली, नाही हो, पिक्चर बघायला येते. तुम्ही खाली कुठे आहात ते विचारून घेते, म्हणजे लांबची खुर्ची धरता येते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा शेवट माहीत नसताना पिक्चर बघतेय. टेलिफोनवाला सगळ्यात आवडला म्हणाली. तो माणूस किती छान ऐकतो.

मी गप्प राहिलो. खरंच राहिलो. मग कप खाली ठेवून ती म्हणाली, मी घरी यायला तयार आहे, पण...

मी म्हटलं, पण बहिणीला वाईट वाटेल, मी समजावतो तिला.

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. दिवे मालवले, पिक्चर सुरू झाला, ती पडद्याकडे वळली. मी खाली आलो. खेळ सुटल्यावर दारात उभा राहिलो, पण ती दुसऱ्या जिन्याने गेली होती.

घरी येऊन ते वाक्य पुरं करायला बसलो. पण भांडी तुम्ही घासायची? पण दुकान लवकर बंद करायचं? पण टीव्ही हळू? तिच्या तोंडी एकही बसेना. म्हणून तिची जुनी वाक्यं आठवून पाहिली. सगळी अर्धीच आठवतात. पुढची अर्धी माझ्या आवाजात.

उशी आत आणायची राहिली होती, ती आणली. ती म्हणाली, पण... पुढे काय होतं, मला माहीत नाही.