बुधवारची घंटी

बुधवार, ६ मार्च

माझं नाव घालून आलाय! मला न विचारता!

जेवताना, तोंडात मासा असताना सांगतो — "कम्युनिटी सेंटरात भाषणाचा क्लब आहे. दर बुधवारी सात वाजता. तुझं नाव दिलंय. पैसे पण भरलेत."

भाषणाचा क्लब! मला! लग्न झाल्यापासून च्वी सेंगने मला एक वाक्य धड पुरं करू दिलेलं नाही. मी "आज" म्हणाले की हा "पाऊस येणार" म्हणून मोकळा. गिऱ्हाईक मला विचारतं, उत्तर हा देतो. डॉक्टर मला विचारतात कुठे दुखतं, तर कुठे दुखतं ते हाच सांगतो! अख्ख्या हौगांग बाजारात मला माझ्या नावाने कुणी हाक मारत नाही — "सेंगची बायको." आणि आता म्हणे बोलायला शिक.

"कशाला?" विचारलं.

"पुढारीपणही शिकवतात तिथे."

"अगरबत्त्या विकायला पुढारीपण?"

यावर गप्प! हा माणूस आणि गप्प. सूप ओढत बसला.

मी जाणार नाही. मरू दे.

बुधवार, १३ मार्च

गेले. भरलेले पैसे फुकट कसे घालवू!

वीसेक माणसं. सगळी टाय-बिय लावून. इंग्रजीत बोलायचं, ती आणखी एक डोकेदुखी. जरा काही झालं की टाळ्या. कुणी उभं राहिलं, टाळ्या. बसलं, टाळ्या. पुढे एक मुलगी रंगीत पुठ्ठे धरून बसते — हिरवा, पिवळा, लाल. लाल दिसला की तोंड आवरायचं. हा नियम आमच्या घरात असता तर!

टोपीतून चिठ्ठी काढायला लावली. "तुमचा आवडता ऋतू कोणता?" सिंगापुरात! इथे कधी ऋतू बदलताना पाहिलाय कुणी? "मला... अं... अं... ऊन," म्हणाले आणि धपकन खाली बसले. तर टाळ्या! ऊन म्हटल्याबद्दल!

देवसहायम सर म्हणून आहेत. हेडमास्तर होते, आता घरी असतात. पांढऱ्या मिशा, आवाज मऊ. जाताना म्हणाले, "मॅडम गेक, पुढच्या वेळी नक्की या."

गेक. माझं नाव किती दिवसांनी ऐकलं!

घरी हा विचारतो, "काय बोललीस?" "ऊन," म्हटलं. हसला नाही. "पुढच्या बुधवारी अजून बोल," म्हणाला.

बुधवार, २७ मार्च

मला काम मिळालं. घंटी! कुणी बोलताना "अं", "आं" केलं की टेबलावरची घंटी दाबायची — टिंग. सर म्हणाले, "अं म्हणण्यापेक्षा गप्प राहावं. थांबायला घाबरू नये. लोक वाट बघतात." मला बोलता येत नाही म्हणून हे काम दिलंय, ते काय मला कळत नाही? पण मजा आली. बँकेचा मॅनेजर टायसकट उभा आणि मी त्याला टिंग! टिंग! घाम फुटला बिचाऱ्याला.

गुरुवार, ४ एप्रिल

कबरींचा दिवस, पितरांना पुजायचा. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. जेवण नाही.

सोमवार, ८ एप्रिल

कानाला रोगच जडलाय. टीव्हीवरच्या मंत्र्याचे "अं" ऐकू येतात, मासेवालीचे येतात. आज एक बाई वारलेल्या वडिलांना पोचाव्या म्हणून जाळायच्या कागदी नोटा मागत होती. च्वी सेंग मला म्हणतो, "अगं, तो... अं... तो तिथला... तो दे." मी काउंटरवर बोट आपटून म्हटलं, "टिंग!" बाई हसली. तोही हसला.

हा कधीपासून "अं" करायला लागला? सातव्या महिन्यात भुतांना जेवू घालतात, त्या जेवणात लिलाव पुकारणारा हाच! मंचावर उभा राहिला की कोळशाची मोळी सोन्याच्या भावात विकतो. दर वर्षी. बाजार समितीवाले म्हणतात, सेंगच्या तोंडात मोटर बसवलीय.

बुधवार, १५ मे

पहिलं भाषण झालं! स्वतःविषयी सांगायचं होतं. स्वतःविषयी मला काय ठाऊक? मग आईसाठी दर वर्षी कागदी झंपर जाळते त्याचं सांगितलं. जिवंतपणी तिला नवा झंपर कधी मिळाला नाही, हेही सांगितलं. ते बोलायचं ठरवलं नव्हतं. आपोआप आलं. घंटी फक्त एकदा!

उडतच घरी आले. कधी एकदा याला सांगते असं झालं होतं. दुकानाचं शटर खाली. वर घरीही नाही. बऱ्याच वेळाने आला — केस नीट विंचरलेले, इस्त्रीचा शर्ट.

"कुठे गेला होतास?"

"अं... जरा... पाय मोकळे करायला."

इस्त्रीच्या शर्टात!

भाषणाचं सांगितलंच नाही.

शनिवार, १८ मे

शेजारची बी हुआ शिवणाचं मशीन थांबवून म्हणते, "अगं, एक विचारू? राग नको मानूस. तुझा नवरा बुधवारी कुठे जातो गं? तू वळलीस की हा शटर ओढतो. दर बुधवारी बघते मी."

"लाऊ अंकलकडे असेल. समितीचं काम."

"असेल बाई," म्हणाली. पण डोळे बघायला हवे होते तिचे!

मटणाच्या गाळ्यावर गेले. लाऊ अंकल समितीचे अध्यक्ष. सुरा पुसत म्हणाले, "सेंग? बुधवारी? छे गं, बुधवारी मी नातवाला पोहायला नेतो."

असं आहे तर. म्हणून माझं नाव घातलं. बायको सात वाजता घराबाहेर, आठवड्याच्या आठवड्याला, पैसेही आगाऊ भरलेले!

मंगळवार, २१ मे

झोप नाही. कोण असेल? लॉटरीच्या दुकानातली ती लाल नखांची? ती तर याला "अंकल" म्हणते. ऑस्ट्रेलियात पर्थला असलेल्या मुलीला फोन लावला, हवापाण्याचं बोलले आणि ठेवून दिला. काय सांगू तिला? तुझा बाप साठीत इस्त्री करायला लागला?

बुधवार, १२ जून

क्लबला गेले. दुसरं काय करू? मागे जाऊन बघायची हिंमत नाही. एक भित्री, वर भाषणं करते!

विषय होता "राग". मी एका नवऱ्याबद्दल बोलले. नाव घेतलं नाही. लाल पुठ्ठा दिसला तरी थांबले नाही. शेवटी नियमाप्रमाणे सगळ्यांनी टाळ्या वाजवून मला बसवलं.

सर म्हणाले, "रागावल्यावर तुम्ही फार छान बोलता, मॅडम." मग हळूच, "पण ज्याला सांगायचं, तो इथे नाहीये ना?"

रविवार, १६ जून

सांगितलं. जेवण झाल्यावर. क्लबात शिकवतात तसंच डोक्यात बांधलं होतं — आधी सुरुवात, मग मुद्दे, मग शेवट.

"मला तीन गोष्टी बोलायच्या आहेत," म्हटलं. एरवी स्वतःलाच हसू आलं असतं. "एक, तू मला न विचारता क्लबात घातलंस. दोन, बुधवारी तू दुकान बंद करतोस आणि माझ्याशी खोटं बोलतोस. तीन, ती कोण आहे?"

तोंड उघडलं. "अगं... ते... अं..."

"टिंग!"

"तसं... अं... तसं नाही... मी ते..."

"टिंग! टिंग! खोटं बोलताना अडखळतोस. मला कळतं आता. शिकायला पाठवलंस ना तूच!"

उठला. ताट उचललं, धुतलं, जागेवर ठेवलं. शेवटचा शब्द नेहमी याचा असायचा. आज माझा होता. जिंकले म्हणायचं का? रात्रभर तो पाठ फिरवून पडला आणि मी छताकडे बघत.

सोमवार, १५ जुलै

महिनाभर "भात वाढ", "दुकान उघड", एवढंच. तोही बोलत नाही, मीही नाही. बुधवार येतो, मी जाते, तोही जातो. निर्लज्ज!

आज समितीची माणसं दुकानात जमली, सातव्या महिन्याच्या जेवणाचं ठरवायला. लाऊ अंकलनी विचारलं, "सेंग, यंदा लिलावात पहिलं काय काढायचं?"

"ते... अं..." म्हणाला. हात हवेत काहीतरी पकडत होता. "अं... ते..."

आणि मी मागून, सगळ्यांदेखत — "टिंग!"

गंमत म्हणून नाही. चांगलं मुद्दाम, लागावं म्हणून. सगळे खो खो हसले. लाऊ अंकल म्हणतात, "सेंग, बायकोने जागा घेतली रे तुझी!" याचा चेहरा लालबुंद झाला, मग पांढरा पडला. माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं.

मलाच पाणी पिऊन यावं लागलं.

मंगळवार, १३ ऑगस्ट

न्हाणीघरात एकटाच पुटपुटत होता. लिलावाचा पुकारा. तीच तीच ओळ, पुन्हा पुन्हा. हा कधी तयारी करत नसे! दाराशी उभी राहिले, आत काही गेले नाही. तिच्यासमोर करावी तयारी.

रविवार, १८ ऑगस्ट

घरी येऊन लगेच लिहिते.

सातव्या महिन्याचं जेवण. वाहनतळावर मांडव. दीडशे टेबलं, शिवाय उभी माणसं. पुढे भुतांसाठी राखलेल्या रिकाम्या खुर्च्या, त्यांच्यापुढे त्यांचं जेवण. मंचावर हा — लाल शर्ट, हातात माइक. पहिली एक-दोन भांडी गेली नीट. तयारी केलेली दिसत होती. मग कोळशाची मोळी आली, लाल कागद, सोनेरी दोरा. सगळे याच्यासाठी तर थांबतात! "काळं सोनं" म्हणायचं आणि दुकानाला बरकत येते ते सांगायचं. एवढंच.

मोळी डोक्यावर धरली. "आणि आता, मंडळी... हे... हे..."

लोक हसले. वाटलं खेळवतोय.

"हे... काळं... अं..."

हसणं थांबलं. माइक कुईं करत राहिला. मोळी तशीच वर, आणि हा मोळीकडे असा बघतोय, जन्मात पहिल्यांदा बघावी तसा. खोटं बोलताना माणूस अडखळतो, कबूल. पण इथे खोटं बोलायला काय होतं? मोळी तर डोळ्यासमोर होती! शब्द नव्हता याच्याकडे. शोधत होता आणि सापडत नव्हता. कबरींच्या दिवसांत, जेवणाच्या टेबलावर, समितीसमोर — तेव्हाही हेच? आणि मी टिंग टिंग करत होते!

मग त्याने गर्दीत मला शोधलं.

कशी चढले ठाऊक नाही. बायका पुकारत नाहीत. मागे कुणीतरी "अय्यो, सेंगची बायको!" म्हणालं. मी माइक घेतला. मोळी त्याच्याच हातात ठेवली.

"काळं सोनं!" म्हणाले. आपल्या बोलीत. "सहा वर्षांमागे हे लाऊ अंकलनी नेलं. आधी दोन सुना, नातू नाही. आता नातू पोहतोय! अंकल, यंदा दुसऱ्या कुणाला द्यायला जड जातंय ना?"

हशा उसळला. याची प्रत्येक ओळ मला पाठ होती! इतकी वर्षं मी काय करत होते? ऐकतच होते.

बोली लागली, चढली, अडली. हा असता तर धडाधडा बोलत सुटला असता. मी सरांचं ऐकलं. आकडा म्हटला आणि गप्प राहिले. नुसती बघत राहिले टेबलांकडे. अख्खा मांडव अवघडला. मग कोपऱ्यातून एक हात वर आला, त्यावर दुसरा. गेल्या वर्षीपेक्षा जास्त गेली मोळी.

शेवटपर्यंत तो एकेक वस्तू उचलून वर धरत होता आणि मी बोलत होते. खाली उतरताना लाऊ अंकल म्हणाले, "गेक, पुढच्या वर्षी तूच."

गेक म्हणाले.

सोमवार, १९ ऑगस्ट

दुपारी हिशेब करताना म्हणाला, "बुधवारी... चल." "कुठे?" विचारलं. बराच वेळ लागला त्याला. मी थांबले. घंटी नाही, काही नाही. "चल," म्हणाला.

बुधवार, २१ ऑगस्ट

दवाखान्याची वरची खोली. गोल मांडलेल्या खुर्च्या, सगळी याच्यासारखीच, शब्द हरवत चाललेली माणसं. एकेक करून शब्द जातात म्हणे, आणि परत येत नाहीत. शिकवणारी मुलगी मला बघून म्हणाली, "म्हणजे त्या तुम्ही! फेब्रुवारीत पहिल्यांदा आले, तेव्हा यांनी स्वतःचं काही विचारलंच नाही. माझं बोलणं जाणार ते जाणारच, बायकोला बोलायला कुठे शिकवतात, एवढंच विचारलं."

मग चित्रं दाखवायला लागली. छत्री, बरोबर. चमचा, जरा वेळाने बरोबर. तिसरं घंटीचं होतं. थांबला. मग माझ्याकडे वळला आणि खुदकन हसला.

"टिंग," म्हणाला.

तिथेही टाळ्या वाजवतात. मीही वाजवल्या.