कोंबडीचं कडवं

देऊळघाट, आश्विन शुद्ध द्वादशी, १९६३. संध्याकाळ.

ते कडवं मी लिहायला नको होतं का? अंगणात मुली अजून तेच म्हणतायत, चांदण्यात शब्द तरंगत येतायत, आणि त्यातली बाई मीच आहे हे खरं वाटत नाही.

शेजारच्या गावात देवीची साथ आली आहे. आमच्या गल्लीत फक्त कौसाबाईचं पाच महिन्यांचं लेकरू टोचायचं राहिलं होतं. तीनदा गेले, लस काय करते ते नीट समजावलं. तीनदा तिनं कडी लावली. तिसऱ्यांदा तर तिची कोंबडीच माझ्या अंगावर धावली. त्यावरून, मुली रोज संध्याकाळी अंगणात म्हणतात त्या भुलाबाईच्या गाण्यांसाठी दोन ओळी लिहून घरमालकांच्या शांताला दिल्या:

टोचणीवाली आली बाई, पेटी घेऊन आली,
कोंबडी मागं लागली तशी ओट्यावर चढली.

स्वतःचंच हसं. प्रशिक्षणात हे कुणी शिकवलं नव्हतं.

आज गाणं ऐकून कौसाबाई लेकरू पोटाशी धरून हसतच आली. "कोंबडीले भेल्या तुम्ही? अन् मले म्हनता, भेऊ नोका!"

"भ्याले होते," मी म्हटलं. असं मी कुणाला कधी सांगत नाही.

"मंग आत्ताच टोचा, बाई. हासून राह्यली तवर. मांगून पुन्हा भेव वाटीन."

पेटी आणली. तिच्या हसण्यानं लेकराचा दंड हलत होता. "हलू नका," म्हणाले, पण तिला हसू आवरेना. मग मीच थांबले. किती वेळ, ते मोजलं नाही. टोचलं तेव्हा लेकरू रडलं, आणि ती डोळे पुसत पुन्हा हसायला लागली.