आउडुनचं कडवं

४ सप्टेंबर

आजही जमलं नाही! लढाई होऊन नऊ दिवस झाले. यार्ल ब्रुनोल्फ, या बेटांचे धनी, यांनी दुपारी बोलावून सांगितलं — "शनिवारी दरबारात काव्य हवं. आमच्यातला एकही पळाला नाही, असं." मान डोलावून आलो. वीस वर्षं त्यांचा कवी म्हणून त्यांचंच अन्न खातोय.

पण पळाले होते! किनाऱ्यावर ढालींची फळी फुटली आणि यार्ल नावेकडे धावत सुटले. आमच्यातला एकटा आउडुन, ढालकरी पोरगा, वाळूत पाय रोवून उभा राहिला. म्हणून तर नाव सुटली.

५ सप्टेंबर

आउडुनची आई आली होती — ग्रोआ. सुकवलेला कॉड घेऊन. बस म्हटलं तरी बसली नाही.

"लोक म्हणतात, पळताना पाठीत घाव बसून मेला. तू म्हणशील तेच पुढची पोरंबाळं ऐकतील. कसा गेला रे माझा लेक?"

"समोरून घाव झेलत, मावशी."

"मग तेच म्हण तिथे. सगळ्यांदेखत."

मासा तसाच पडलाय. खाववत नाही.

६ सप्टेंबर

दोन्ही कडवी तयार. खोटंच जास्त छान जुळलंय!

७ सप्टेंबर

खरं म्हटलं.

यार्ल धावले, आउडुन थांबला — एवढं म्हटलं मात्र, कुणाचा तरी हात तलवारीवर गेला. यार्ल कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग दंडातलं सोन्याचं कडं उतरवून माझ्यापुढे ठेवलं. "घडलं तसं म्हटलंस. हे त्याचं बक्षीस. पण आता या घरात तुला जागा नाही."

ग्रोआ दाराशी उभी होती. बाहेर पडताना माझा हात घट्ट धरला. "आता रडता येईल मला," एवढंच म्हणाली.

९ सप्टेंबर

आइसलँडच्या जहाजावर. खलाशी बाजूला होऊन वाट देतात. "काय छाती आहे हो तुमची!"

पाद्रीबाबांनी शिकवलेली ही अक्षरं इथे कुणाला वाचता येत नाहीत, म्हणून लिहितो — यार्ल नावेपाशी पोचले तेव्हा मी आधीच आत होतो. हात देऊन मीच त्यांना वर ओढलं.

दरबारात त्याबद्दल ते एका शब्दानं बोलले नाहीत.